लाल गाडीचं पासिंग

गाडी गल्लीत शिरली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, हातात उपिटाचा कालथा. मला बघायला कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे पोहे होत. पण चार वर्षांत ते इतक्या वेळा झाले की अण्णांनी पोह्यांवर बहिष्कार टाकला होता. म्हणून त्या रविवारी उपीट.

आधी आवाज आला. मोठं इंजिन पहिल्या गियरमध्ये कोंडून धरल्यावर कुरकुरतं तसा. मग ती दिसली. लाल, बसकी, दोन माणसांची परदेशी गाडी, छत उघडं टाकलेलं. शेजारच्या फडतऱ्यांच्या कुंपणाला जपत ती चालत्या माणसाच्या वेगाने येत होती. चालवणारा उंच होता. शेजारी बसलेले गृहस्थ इतके बुटके की दारावरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. मागून एक व्हॅन येत होती.

"पळवायची गाडी अशी काय चालवतोय हा?" आई म्हणाली.

"गल्लीत पोरं खेळतात म्हणून असेल," मी म्हणाले. खरं तर मला ते आवडलं होतं. आमच्या गल्लीतून आजवर आलेली स्थळं धूळ उडवत आली होती.

गाडी फाटकापाशी थांबली आणि चालवणारा उतरायला लागला. एक पाय बाहेर आला, दुसरा येईना. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला होता. तो सोडवताना त्याचा हात हॉर्नवर पडला आणि सगळी गल्ली बघायला लागली. स्वतःच्याच गाडीतून उतरताना असा अडकलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू आलं. आईला नाही आलं.

अण्णा फाटकात उभे होतेच. माझे वडील मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती फक्त कचेरीपुरती होती. आमच्याकडे येणाऱ्याची गाडी तपासून झाल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. शर्टाच्या खिशात एक छोटी बॅटरी असायची. ती घेऊन ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, टायरवर अंगठा फिरवायचे, मग म्हणायचे, "या, आत या." माझं पहिलं स्थळ त्यांनी ब्रेकलाइटवरून घालवलं, असं आई अजून सांगते. मुलाच्या स्कूटरचा ब्रेकलाइट लागत नव्हता. "आपण थांबतोय हे जो मागच्याला कळू देत नाही," अण्णा म्हणाले होते, "त्याच्या घरात मुलगी द्यायची?" आई त्या दिवशी जेवली नव्हती.

तर अण्णांनी लाल गाडीभोवती फेरी सुरू केली. टोपीवाले गृहस्थ म्हणजे मुलाचे मामा, ते कोल्हापूरहून आलेल्या मंडळींचे पुढारी होते. ते अण्णांच्या मागे मागे फिरत होते.

"एकदम कंडिशनमध्ये हाय बघा सायेब," मामा म्हणाले. "बोटीवरच्या एका अधिकाऱ्याची व्हती. त्यानं जिवापाड सांभाळली. काय म्हंता काय काढायला जागा न्हाई."

"ब्रेक लावला की डावीकडे ओढते," मुलगा म्हणाला. त्याचं नाव यशोधन चौगुले, शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो ओतकामाची ड्रॉइंगं करायचा, एवढं आम्हाला माहीत होतं. "छत लावलं तरी गळतं. आणि उजव्या दाराखाली ठोकून सरळ केलेलं आहे. वर रंग मारलाय, पण रबर उचललं की जुना रंग दिसतो."

अण्णांनी रबर उचललं. जुना रंग दिसला. ते मुलाकडे वळले आणि हसले. पाहुण्यांकडे बघून अण्णा हसतात हे आईने आणि मी खिडकीतून एकदमच पाहिलं आणि एकमेकींकडे बघितलं.

"फेब्रुवारीत पंधरा वर्षं भरतील," यशोधन म्हणाला. "पासिंगला न्यायची आहे. होईल का पास?"

"असं उभ्या गाडीकडे बघून सांगता येत नाही," अण्णा म्हणाले. "या, आत या."

बैठकीच्या खोलीत नेहमीचं सुरू झालं. विचारलं मुलाला, की उत्तर मामांकडून यायचं. पगार मामांनी सांगितला, शिक्षण मामांनी सांगितलं, आवडीनिवडीसुद्धा मामांनीच सांगितल्या. "दारू न्हाई, तंबाखू न्हाई, जागरान न्हाई. धाला झोपतोय पोरगा," मामा म्हणाले. मी बशा देत होते. तिशीतला तरणाताठा माणूस दहाला झोपतो ही काय सांगायची गोष्ट, असं माझ्या मनात आलं. त्याच्या आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या माझ्याकडे फारसं बघतच नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष मुलाच्या हातातल्या कपाकडे होतं. तो कप त्याने खाली ठेवला तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते. स्थळांसमोर बसण्याचा मला इतका सराव झाला होता की कोण कोणत्या प्रश्नाला घसा खाकरणार हे आधीच कळायचं. पण त्या दिवशी तो सराव कामाला आला नाही. हा माणूस मला आवडला होता. गाडीचे दोष त्याने ज्या सहजपणे सांगितले, तसं स्वतःबद्दल खरं बोलणारं माझ्यासमोर कुणी बसलंच नव्हतं. हा हो म्हणाला तर मीही हो म्हणणार, हे मी बशा उचलताना ठरवूनही टाकलं.

बशा घेऊन आत गेले, तर आई ओट्याला टेकून उभी. "गाडी मागून आणलीय," ती कुजबुजली. "त्याची नव्हे ती. उतरता येत नव्हतं बघितलंस ना? छाप पाडायला आणलीय कुणाची तरी."

"असू दे," मी म्हणाले, पण मनात खडा पडला.

बाहेरून अण्णांचा आवाज आला. "मुलामुलीला चार शब्द बोलायचे असतील. आमच्या घरात गच्ची नाही, गॅलरी नाही. पण तुमच्या गाडीत जागा बरोबर दोघांचीच आहे. हेमा, जरा यवतेश्वरच्या घाटापर्यंत जाऊन या. गाडी तू घे. म्हणजे मला गाडीचाही रिपोर्ट मिळेल."

"मुलगी चालवणार?" मामा म्हणाले.

"मी शिकवलंय तिला. माझ्यापेक्षा कान चांगला आहे तिचा."

मामांना ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. पण त्याच्या आई एकदम म्हणाल्या, "चालवू दे की दादा. बरंच झालं." इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. यशोधनने किल्ली माझ्यापुढे धरली. पुरुषाकडून गाडीची किल्ली इतक्या पटकन मिळाल्याचं मला आठवत नाही.

गाडी तपासायची अण्णांची एक पद्धत होती. ती त्यांनी मला मी कॉलेजात असताना शिकवली होती. चालकाच्या जागेवर बसलं की आधी काही हलवायचं नाही. सीट नाही, आरसा नाही. आधीचा माणूस जसा बसत होता तसंच क्षणभर बसायचं. गाडी कोण चालवतं, कसं चालवतं, ते तिथे बसल्यावर कळतं. मग आपल्या मापाची सीट करायची.

मी बसले. पाय बरोबर पेडलवर गेले. क्लच पूर्ण दाबला, गुडघा आरामात राहिला. आरशात बघितलं तर मागचा रस्ता आणि फाटकातले अण्णा नीट दिसले. मला काहीच हलवावं लागलं नाही. माझी उंची पाच फूट एक. शेजारी बसलेल्या माणसाची सहा फुटांच्या घरात. त्याची डावी सीट मात्र पार मागे सरकवलेली होती आणि ती त्याच्या पाठीला ओळखत असावी इतकी त्याला बसत होती.

म्हणजे आईचं खरं होतं. गाडी मामांची. आणि हा माणूस, ज्याचं खरं बोलणं मला आवडलं होतं, तो मागून आणलेल्या गाडीतून माझ्या दारात आला होता. मला वाईट वाटलं. राग यायच्या आधी वाईट वाटलं.

समर्थ मंदिरावरून पुढे गेलो आणि चढ सुरू झाला. काही वेळ मी फक्त गाडीशी बोलले. रस्ता मोकळा बघून ब्रेक दाबला. गाडी डावीकडे गेली.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक कमी धरतोय. आधी वाटलं टायरमधली हवा असेल, पण नाही. स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवलं की सरळ थांबते."

चढावर हँडब्रेक ओढून पाय काढला. गाडी जागची हलली नाही. स्टिअरिंगला थोडी ढिलाई होती, पण चालण्यासारखी. इंजिनला मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या गियरमध्ये चढ असा ओढला की मला क्षणभर सगळं विसरून आणखी वर जावंसं वाटलं.

"चौथा टाकू नका आता," तो म्हणाला. "पुढच्या वळणाला तिला तिसराच आवडतो."

मी तिसरा ठेवला. खरंच तिसराच लागला. दुसऱ्याच्या गाडीबद्दल माणसाला इतकं कळत नाही.

एका वळणावर रस्ता रुंद होता. तिथून खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"गाडी कुणाची आहे?" मी विचारलं.

"माझी."

"खरंच?"

"माझ्याच नावावर आहे. अडीच वर्षं झाली घेऊन. वडिलांच्या पश्चात पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी घेतलं."

"मग सीट माझ्या मापाची कशी?"

तो समोर किल्ल्याकडे बघत राहिला. त्याने ते ऐकलंच नाही असं वाटून मी पुन्हा विचारणार होते.

"मामांच्या मापाची आहे," तो म्हणाला. "तुमची आणि त्यांची उंची सारखी असेल."

"पण गल्लीत तुम्ही चालवत आलात. मी बघितलं."

"कोपऱ्यापासून. तिथवर मामांनी आणली. कोपऱ्यावर म्हणाले, आता तू बस. मुलाने स्वतः गाडी चालवत दारात जायला पाहिजे. सीट मागे घ्यायची राहिली त्या गडबडीत. एक मुलगी सायकल घेऊन उभी होती रस्त्याच्या कडेला. तिच्याकडे बघत बघत आलो. देवा, एवढं पंधरा-वीस घरांचं अंतर जाऊ दे, असं म्हणत आलो. ते मी करायला नको होतं."

मला अजून कळत नव्हतं. "तुम्हाला गाडी येत नाही?"

"येते. चांगली येते. गाडी घेतली आणि दोन महिन्यांत मला आकडी आली. फाउंड्रीच्या कॅन्टीनमध्ये, जेवताना. मग घरी एकदा. मग डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या कायम आणि गाडी बंद. जागरण करायचं नाही, उपास करायचा नाही."

खालून एक एसटी चढत आली. ती वळण घेऊन पुढे गेली. मला त्याच्या आईची नजर आठवली, कपावर खिळलेली.

"शेवटची कधी आली?"

"सव्वा वर्ष झालं. गोळ्या लागू पडल्यात. पण पुन्हा येणार नाही असं कुणी सांगत नाही."

"गाडी विकली का नाहीत?"

"गिऱ्हाइकं आली. एक-दोनदा सौदा ठरतही आला." तो किंचित हसला. "मग रविवारी मामांना म्हणालो, जरा चालवून आणा, बॅटरी उतरेल. मी शेजारी बसलो. तेव्हा कळलं की डावीकडून पण गाडी कळते. ब्रेक ओढतोय हे मला डावीकडेच बसून कळलं. मामांना अजून पटत नाही."

"आणि हे आम्हाला कधी सांगणार होता?"

"मामा म्हणाले, लग्नानंतर. आईला कुणीतरी सांगितलंय की लग्न झालं की हे आपोआप जातं." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही नाही म्हणा. कारण काहीही सांगा. गाडीचा रंग आवडला नाही म्हणा. फक्त हे घरात बोलू नका. कोल्हापूरला कळलं तर आईला चार बायकांत बसणं अवघड होईल."

आता मात्र मला राग आला. आजाराचा नाही. आजार ऐकून मी घाबरले होते, हे खरं आहे. पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. मी चार वर्षं लोकांसमोर बशा घेऊन फिरले होते. कुणाला माझा रंग चालला नव्हता, कुणाला चष्मा. आणि ज्याला मी मनातल्या मनात हो म्हणून बसले होते तो मला सांगत होता की मी त्याला नाही म्हणावं, वर कारणही मीच शोधावं.

"म्हणजे खोटं मी बोलायचं," मी म्हणाले. "तुमच्या मामांनी एक बोललं, आता दुसरं मी बोलायचं. तुम्ही तेवढे खरे राहणार."

त्याचा चेहरा उतरला. मला त्याची दया आली नाही, निदान तेव्हा तरी.

मी गाडी सुरू केली आणि उतारावर जरा जोरातच सोडली. दुसऱ्या वळणाला समोर शेळ्या आल्या. ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे, कठड्याकडे ओढायला लागली.

"उजवीकडे धरा," तो हळू आवाजात म्हणाला. "जास्त नको. तेवढंच. झालं."

गाडी थांबली. शेळ्या गेल्या. त्याने माझ्या हाताला किंवा स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नुसतं सांगितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. बाकीच्या उतारावर मी गाडी हळू चालवली.

घरासमोर सगळे ओट्यावर खुर्च्या टाकून बसले होते. त्याच्या आई आम्ही दिसताच उठून उभ्या राहिल्या. अण्णा फाटकाशी आले.

"हं. काय रिपोर्ट?"

सगळी माझ्याकडे बघत होती. आईचे डोळे म्हणत होते, हो म्हण गं बाई. मी किल्ली हातात घट्ट धरली होती. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. हो म्हणणंही सोपं होतं, कारण शेळ्या गेल्यापासून मला पुन्हा हो म्हणावंसं वाटत होतं. पण मामा टोपी नीट करत खुशीत उभे होते, आणि त्या खुशीत मला हो म्हणायचं नव्हतं.

अण्णा नोकरीत असताना पासिंगला आलेल्या गाडीचा निकाल त्यांच्याकडे तीन प्रकारचा असायचा. पास, नापास, आणि तिसरा. तिसरा लोकांना आवडायचा नाही, कारण त्यात पुन्हा यावं लागायचं. अण्णांना तोच आवडायचा.

"इंजिन उत्तम आहे," मी म्हणाले. "हँडब्रेक धरतो. स्टिअरिंग चालेल. छत गळतं, पण ते सांगून झालंय. एकच दोष आहे. तो दूर करून पुन्हा आणावी."

"ब्रेकचं म्हंता व्हय," मामा हसले. "त्ये काय, उद्या करून टाकू. गाडीचं झालं. आता पोराचं सांगा की."

"तेच सांगितलं," मी म्हणाले. मग यशोधनकडे बघून म्हणाले, "तुम्ही या. कुणाला सोबत आणायची गरज नाही."

मामांचं हसू थांबलं. त्यांनी भाच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "चला," ते म्हणाले, "उन्हं कलायच्या आत घाट उतराय पायजे." सातारा ते कोल्हापूर वाटेत कुठला घाट, हे कुणी विचारलं नाही. मामांनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि भाच्यापुढे धरली. गल्ली बघत होती. फडतऱ्यांच्या ओट्यावर तर सगळं कुटुंब जमलं होतं.

यशोधनने किल्ली घेतली नाही. तो गाडीला वळसा घालून गेला, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसला. आरामात बसला, कुठेही न अडकता. मामा किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. मग टोपी काढून खिशात घातली आणि चालकाच्या जागेवर बसले. त्यांना सीट हलवावी लागली नाही.

"बघ," आई माझ्या कानाशी म्हणाली. "मामाचीच गाडी. मी म्हणत नव्हते?"

यशोधनच्या आई व्हॅनकडे जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी नुसता माझ्या दंडाला हात लावला आणि गेल्या.

त्यानंतर आमच्या घरात त्या स्थळाचा विषय बंद झाला. आईने मनातून नाव खोडलं आणि कराडच्या एका डॉक्टरचं काढलं. अण्णांनी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला कधी कधी त्याचा आवाज ऐकू यायचा, तेवढंच, झालं, असा. मी त्याची वाट बघत होते. आणि तो आला तर काय, याची भीतीही वाटत होती. आकडी म्हणजे काय हे मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं, आणि वाचून झोपले नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. अण्णा बॅटरी घेऊन बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं. यशोधन एकटा उभा होता. अण्णांनी सवयीने त्याच्या मागे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली.

"गाडी?"

"एसटीने आलो. स्टँडवरून चालत."

अण्णांनी बॅटरी खिशात ठेवली. तपासायला काहीच नव्हतं. "या," ते म्हणाले, "आत या." आमच्या घरात फेरीशिवाय आत आलेला तो पहिला पाहुणा असेल.

तो बसला आणि चहा यायच्या आधीच त्याने सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्यांचं नाव, पहिली कधी आली, शेवटची कधी. कोपऱ्यावर जागा बदलून घेतल्याचंही सांगितलं आणि त्याबद्दल अण्णांची माफी मागितली. मामांना न सांगता आलोय, आईला सांगून आलोय, म्हणाला. माझी आई ऐकता ऐकता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या रडण्याचा आवाज बाहेर येत होता. तो त्यालाही ऐकू येत होता, पण तो उठला नाही.

अण्णांनी प्रश्न विचारले. गोळ्या चुकतात का? झोप किती? आकडी येण्याआधी कळतं का? आली तर शेजारच्याने काय करायचं? तो एकेकाचं उत्तर देत गेला. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणाला.

"तुम्ही गाडी चालवत नाही हे मला उतरतानाच कळलं होतं," शेवटी अण्णा म्हणाले. "पण सीट एवढंच सांगते की दुसरं कुणी चालवतं. का, ते माणसाने स्वतः सांगायचं असतं." मग ते माझ्याकडे वळले. "मी इथवरच तपासू शकतो गं. निकाल तुझा आहे."

इतक्या दिवसांत तयार केलेली वाक्यं जागेवर नव्हती. मी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली आणि यशोधनला विचारलं, "ब्रेक केलात का दुरुस्त?"

"केला. आता सरळ थांबते."

"चला. स्टँडवर सोडते. मागे बसाल ना?"

"बसेन," तो म्हणाला.

पुढची पंचवीस वर्षं सोपी होती असं मी म्हणणार नाही. आकडी पुन्हा आली, तीनदा. एकदा तर नात्यातल्या एका लग्नात, भर पंगतीत, आणि मी त्याला कुशीवर वळवून बसले असताना लोक चप्पल शोधत होते, नाकाला लावायला. माझ्या आईला जावई आवडायला बरीच वर्षं गेली. लाल गाडी फेब्रुवारीत पास झाली आणि नंतरही पास होत राहिली. चालवते मी, दोष सांगतो तो. तिची सीट आजवर कुणी हलवलेली नाही.

पण मला आठवते ती त्या रविवारची सकाळ. मी स्कूटर सुरू केली, तो मागे बसला. आई दारात आली नव्हती. फडतऱ्यांचं कुटुंब ओट्यावर हजर होतं. मी मान वळवून बघितलं नाही, पण अण्णा फाटकात उभे आहेत हे मला ठाऊक होतं. कोपऱ्यापाशी, मामांनी जागा बदलली होती तिथेच, सायकल घेतलेली एक मुलगी आडवी आली, बहुतेक त्याने सांगितलेली तीच. मी ब्रेक दाबला.

मागून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा अण्णांचा आवाज आला.

"हेमा, लागतोय गं ब्रेकलाइट. जा तू."